मर्झबान, गादी आणि इमान : 'अर्सलान सेन्की' मराठीत आणताना ठेवलेल्या नोंदी

८ जून २०२४

आज काम सुरू केलं. मी धरून आमचा सात जणांचा वाचनगट आहे. त्यात माझ्या जपानीच्या वर्गातल्या दोघी, माझी अकरावीतली भाची, तिचे दोन मित्र आणि शेजारचे मोडी वाचणारे काका. सगळ्यांना हिरोमु अराकावा यांनी काढलेला 'अर्सलान सेन्की' हा मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, वाचायचाय आणि सरळ जपानीतून वाचणारी मी एकटीच. मूळ गोष्ट योशिकी तानाका यांच्या कादंबऱ्यांची, पहिली १९८६ सालची. अराकावांची मंगा आवृत्ती २०१३ पासून कोदान्शाच्या मासिकात येऊ लागली.

ठरवलं ते असं : पुस्तकं विकत आणलेली आहेत, त्यांची पानं स्कॅन करायची नाहीत, कुठे टाकायची नाहीत. प्रत्येक पानाच्या मापाचा ट्रेसिंग पेपर कापायचा, फुग्यांच्या जागी मराठी संवाद हाताने लिहायचे आणि तो कागद वाचताना पानावर ठेवायचा. कोणाला असंच काही करायचं असेल तर या नोंदी उपयोगी पडाव्यात, म्हणून खर्च आणि चुका दोन्ही लिहिते. गोष्टीतली रहस्यंही पुढे उघड होतील, तेवढं ध्यानात ठेवा.

सामान : ए-फोर ट्रेसिंग पेपर, १०० पानांचं पाकीट, ४५० रुपये. ०.३ ची दोन काळी पेनं २४० रुपये. कागदी चिकटपट्टी ६० रुपये. एका ए-फोरमधून मंगाची दोन पानं निघतात, म्हणजे एका खंडाला एक पाकीट जवळपास संपतं.

आज अकरा पानं झाली. साडेचार तास लागले.

१५ जून

पहिली चूक नावांत झाली. जपानी काना लिपीत परकी नावं लिहिली की 'र' आणि 'ल' एकच होतात आणि जोडाक्षरं सुटतात. मी काना वाचून जसंच्या तसं देवनागरीत उतरवत गेले. मारुझुबान, कुबाडो, किश्वार्डो असले शब्द तयार झाले. चौदा पानं अशीच लिहून झाल्यावर काकांनी एक कागद उचलून विचारलं, "हा कुबाडो म्हणजे कोबाद का गं?"

कोबादच. मुंबईत पारशी कुटुंबांत हे नाव आजही आहे. गोष्टीतला पार्स हा देश प्राचीन इराणवर बेतलेला आहे आणि नावं बरीचशी शाहनामा या फारसी महाकाव्यातून किंवा इस्लामपूर्व इराणच्या सासानी राजघराण्याच्या इतिहासातून आलेली. बहमन, शापूर, साम, गर्शास्प, मनुचेहर ही नावं मराठीत नवी नाहीत. पार्सच्या आद्य राजाचं नाव कैखुस्रौ, म्हणजे आपल्याकडचं कैखुश्रू. मग मी नियम केला : कानाकडून न जाता नावाच्या मूळ फारसी रूपाकडे जायचं आणि पारशी वळण माहीत असेल तर तेच घ्यायचं. तहमीने राणीची तहमीना झाली. कुबाद मात्र कुबादच ठेवला, कारण कोबाद लिहिलं की भाचीच्या मित्राला त्याच्या वर्गातला मुलगा दिसू लागला.

चौदा पानं पुन्हा लिहावी लागली. सहा तास गेले.

२२ जून

आता पदव्या. मला सगळ्यात आवडणारं आणि सगळ्यात अवघड काम हेच.

मंगात प्रत्येक पदवी दोन थरांत छापलेली असते. मोठ्या कांजी अक्षरांत, म्हणजे चिनी वळणाच्या अर्थदर्शक अक्षरांत, अर्थ आणि बाजूला बारीक कानात फारसी उच्चार. 'दहा हजार स्वारांचा सेनानी' असं कांजीत आणि शेजारी 'मारुझुबान'. 'महासेनापती' असं कांजीत आणि शेजारी 'एरान'. तसंच सामंतांना 'शहरदारान', पंतप्रधानाला 'फ्रामातार', मोकळ्या प्रजेला 'आझात' आणि गुलामाला 'गोलाम'. जपानी वाचकाला अर्थ डोळ्याने कळतो आणि परका नाद कानाने ऐकू येतो. देवनागरीत हे दोन थर मांडायची सोय नाही.

म्हणून मला वाटलं, आपल्याकडे शिवकाळाची एवढी समृद्ध पदरचना आहे, तीच वापरावी. बसून तक्ता केला. एरानला सरनौबत, मर्झबानला पंचहजारी, शहरदारानला सरंजामदार, आझातान म्हणजे लढवय्या कुलीनांना शिलेदार, फ्रामातारला पेशवा. सगळं इतकं नीट बसल्यासारखं वाटलं की रात्री बारापर्यंत अठ्ठावीस पानं लिहून काढली.

२९ जून

पहिलं सामूहिक वाचन. तक्ता कोसळला.

भाचीने तिसऱ्या पानावरच विचारलं, पेशवा आहे तर राजा साताऱ्यात आहे का. ती चेष्टा करत नव्हती. तिच्या डोक्यात खरंच शनिवारवाडा उभा राहिला होता. पार्सची राजधानी, एकबाताना नावाचं संगमरवरी शहर, तिला दिसेनासं झालं.

काकांची हरकत जास्त नेमकी होती. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा नि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येणारा स्वार, त्याच्या पदवीत कुलीनपणाचा काही संबंध नाही. सभासद बखरीत पागेची रचना दिलेली आहे : पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजाऱ्यांवर पंचहजारी. ही कामाची उतरंड आहे. मोगली मनसब निराळी. तिथे पाच हजार हा मानाचा आणि पगाराचा आकडा, पदरी तेवढे स्वार असतीलच असं नाही. पुरंदरच्या तहानंतर संभाजीराजांना पंचहजारी मनसब मिळाली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. मराठी वाचक 'पंचहजारी' म्हटलं की तेच आठवतो. आणि पार्सचे बारा मर्झबान तर खरोखर दहा दहा हजार स्वार घेऊन रणात उतरतात. आकडाही अर्धा आणि अर्थही दुसरा.

मी दोन गोष्टी एकत्र करून बसले होते. शिवकाळाची भाषा सुंदर आहे म्हणून ती इथेही चालेल असं मी धरून चालले. पण ते शब्द मोकळे नाहीत, प्रत्येकाच्या मागे आपला इतिहास उभा आहे. अठ्ठावीस पानं रद्द.

६ जुलै

आठवडाभर नुसता विचार केला, एकही पान लिहिलं नाही. उत्तर काकांनी आणलेल्या राज्यव्यवहारकोशाच्या छापील प्रतीत सापडलं. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांच्या देखरेखीखाली हा कोश करवून घेतला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. पेशवा हा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य, डबीर सुमंत, सरनौबत सेनापती. कोशाची मांडणी बघताना एक गोष्ट लक्षात आली : तिथे दोन शब्द शेजारी शेजारी उभे आहेत, एक कानाचा आणि एक अर्थाचा. मंगाही तेच करतो.

म्हणजे मला दोन्ही ठेवायचे होते. फुग्यात फारसी नाद मोठा, त्याच्या खाली बारीक अक्षरात मराठी अर्थ, आणि अर्थ फक्त प्रकरणात पहिल्यांदा येईल तेव्हा. नंतर नुसता नाद.

नवा तक्ता :

शाह, अर्थ द्यायची गरज नाही, आदिलशहा-निजामशहांमुळे सगळ्यांना ठाऊक आहे.
एरान, खाली 'सर्व सैन्याचा सेनापती'.
मर्झबान, खाली 'दहा हजार स्वारांचा सेनानी'.
शहरदारान, खाली 'आपापल्या मुलखाचे धनी'.
आझाद, खाली 'मोकळी प्रजा'.
गुलाम, काही नको.

मर्झबान या शब्दाशी मी दिवसभर रमले. फारसीत 'मर्झ' म्हणजे सीमा आणि 'बान' म्हणजे राखणारा. दरवान, बागवान यांतला 'वान' तोच. म्हणजे मंगात कांजी सांगते 'दहा हजार स्वारांचा सेनानी' आणि उच्चार सांगतो 'सीमेचा राखणदार'. खऱ्या सासानी राज्यात मर्झबान हे सरहद्दीच्या प्रांतांचे अधिकारी होते. मुंबईत १८२२ साली 'मुंबई समाचार' सुरू करणारे फर्दुनजी मर्झबान हे नाव तर आपल्या परिचयाचं. फोर्टात मर्झबान रस्ता आहे, आझाद मैदानापासून चालत जाण्याइतका जवळ. ही जोडी वर्गातल्या मुलीने दाखवून दिली आणि तिचा चेहरा काय उजळला! तिसऱ्या शतकातल्या सासानी शिलालेखांत कुलीनांच्या श्रेणींमध्ये शहरदारान आणि आझादान हे दोन्ही शब्द येतात.

पण याच जागी नवी अडचण निघाली. मंगात आझात म्हणजे साधी मोकळी प्रजा आणि आझातान म्हणजे लढवय्या कुलीन. इतिहासात दोन्हींचं मूळ एकच, मराठीत तर दोन्ही 'आझाद'च ऐकू येतात. पंधरा मिनिटं वाद झाला. शेवटी आझातानला नाद दिलाच नाही, सरळ 'घोडेस्वार सरदार' लिहिलं. नियम मोडला, पण गोंधळ थांबला.

१३ जुलै

पावसाने काम बिघडवलं. चार दिवसांच्या झडीत ट्रेसिंग पेपर ओलसर होऊन लाटांसारखा फुगला, फुगे जागेवर बसेनात, आणि पेनाची शाई हाताला लागून पसरू लागली. बावीस पानं खराब झाली. त्याहून वाईट म्हणजे कागदी चिकटपट्टीने पुस्तकाच्या दोन पानांवरचा छापाचा थर उचलला. पुस्तकाला पुन्हा कधी चिकटपट्टी लावणार नाही.

उपाय : तयार कागद स्टीलच्या डब्यात, सोबत कापडात बांधलेला तांदूळ. शाई सुकायला रात्रभर वेळ. चिकटपट्टीऐवजी कागदाच्या उजव्या वरच्या कोपऱ्याला काटकोनात खाच कापली, ती पुस्तकाच्या कोपऱ्याला भिडवायची. मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून खाच उजवीकडेच हवी. आधी चार कागदांना डावीकडे कापली होती.

फुग्यांचं माप हाही निराळा त्रास. जपानी मजकूर उभा असतो म्हणून फुगे उंच आणि अरुंद. मराठी वाक्य आडवं. शब्द तोडला की शिरोरेषा तुटते आणि वाचणारा अडखळतो. लांब शब्द फुग्याबाहेर रिकाम्या जागी लिहून फुग्याकडे एक रेघ ओढायची, हे तिसऱ्या प्रयत्नात जमलं.

आता सरासरी पंचवीस मिनिटांना एक पान. एका खंडाला ऐंशी तास. एवढा वेळ माझ्याकडे नाही. पूर्ण संवाद फक्त पहिल्या खंडाचे करायचे, पुढच्या खंडांतून पदव्या, शपथा आणि निष्ठेचे प्रसंग तेवढे, बाकी मी तोंडी सांगेन, असं ठरलं. सगळ्यांनी मान्य केलं.

२० जुलै

तू, तुम्ही, आपण.

अर्सलान चौदा वर्षांचा युवराज. दार्यून सत्तावीस वर्षांचा, पार्सचा नावाजलेला योद्धा. जपानीत अर्सलान त्याला नुसतं 'दार्यून' म्हणतो. मी सरळ 'तू' लिहिलं. राजपुत्र आहे, चालतं, असा हिशेब.

वाचनात मुलांना अर्सलान उद्धट वाटला. भाची म्हणाली, "मावशी, हा सगळ्यांशी नम्र आहे म्हणतेस, मग ह्यांना अरे-तुरे का?" तिचं बरोबर होतं. जपानी नावाला मागे काही न लावणं आणि मराठी 'तू' या दोन गोष्टी एक नाहीत. अर्सलानच्या बोलण्यातला मवाळपणा जपानीत वाक्याच्या शेवटात असतो, मराठीत तो क्रियापदावर येतो. 'तुम्ही' केलं. थोडी जवळीक कमी झाली, पण माणूस बरोबर उभा राहिला.

मग बाकीचे ठरवणं सोपं गेलं. शाह अँड्रागोरस सगळ्यांना 'तू' म्हणतो, म्हाताऱ्या एरान वहरीझलासुद्धा. पांढऱ्या दाढीच्या माणसाला राजाने 'तू' म्हटलेलं वाचताना काकांनी मान हलवली. त्या दरबारात काय चाललंय हे त्या एका अक्षराने सांगितलं. दार्यून आणि नर्सूस जुने मित्र, दोघांत 'तू'. नर्सूस अर्सलानला पहिल्या भेटीत 'आपण' म्हणतो, शब्द आदराचा आणि आवाज कोरडा.

वहरीझ हा दार्यूनच्या वडिलांचा थोरला भाऊ. जपानीत त्यासाठी कांजी वेगळी असते, मराठीत 'थोरले काका' आहेच. वहरीझ पुतण्याला 'तू', दार्यून काकांना 'तुम्ही'. आधीच्या राजाचा मुलगा हिल्मेस अर्सलानचा उल्लेख ज्या तुच्छतेने करतो त्यासाठी 'अँड्रागोरसचं कार्टं' लिहिलं. इथे एकदाही खोडावं लागलं नाही.

२७ जुलै

आजचं काम छोटं. दार्यूनला पार्समध्ये 'मर्दान-फु-मर्दान' म्हणतात, योद्ध्यांमधला योद्धा. मराठीत 'मर्दांतला मर्द'. अर्थ, नाद, वजन, सगळं एकाच फटक्यात. खाली बारीक अक्षरांची गरजच नाही. महिनाभर झगडल्यावर असा एक शब्द आपणहून हाती येतो तेव्हा खरंच भरून येतं.

३ ऑगस्ट

आज सगळ्यात मोठी चूक सापडली, आणि ती शब्दाची नव्हती. मला गोष्टच नीट कळली नव्हती.

अत्रोपातेनेच्या लढाईआधीचा प्रसंग. धुकं दाटलंय. दार्यून शाहला सांगतो की माघार घ्यावी. शाह संतापून त्याचं मर्झबानपद तिथल्या तिथे काढून घेतो. म्हणजे तक्त्यातली पदवी एका वाक्यात गेली, माणूस तोच राहिला. मग वहरीझ पुतण्याला बाजूला घेतो आणि शपथ मागतो : तुझी निष्ठा युवराज अर्सलानला वाहा. दार्यूनला कळत नाही. आपण राजघराण्याचे चाकर आहोतच, मग वेगळी शपथ कशाला? वहरीझ अडून बसतो, घराण्याला नाही, त्या एका मुलाला. दार्यून कारण न समजता शपथ घेतो.

मी पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, 'गादीशी एकनिष्ठ राहीन'. कारण आपल्या कानाला निष्ठा म्हटली की गादी येते. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी. गादीवर कोण बसलंय यापेक्षा गादी मोठी. शब्द इतका सहज आला की मी थांबलेच नाही.

आणि तिथेच प्रसंगाचा जीव गेला. वहरीझला नेमकी गादी नकोय. अर्सलानच्या जन्माबद्दल त्याला काही ठाऊक आहे. उद्या हा मुलगा गादीचा वारस नाही असं निघालं तर गादीला वाहिलेली निष्ठा त्याला उघड्यावर टाकेल. म्हणून म्हातारा मरणाच्या आधी पुतण्याकडून असं वचन घेतोय जे कुळ, रक्त, मुकुट सगळं गळून पडलं तरी टिकेल. मी 'गादी' लिहून त्याच्या हातातली एकमेव ढाल काढून घेतली होती.

काका म्हणाले, मराठीत याला निष्ठा नाही म्हणत, इमान म्हणतात. निष्ठा तत्त्वाशी, गादीशी, देवाशी असते. इमान माणसाशी असतं. आमचे आजोबा म्हणायचे, अमक्याशी इमान राखलं. कुठल्या पदाशी इमान राखलं असं म्हणताना मी कोणाला ऐकलं नाही.

शपथेचं पान चार वेळा लिहिलं. आधी 'निष्ठा' ठेवून 'फक्त आपल्याशी' जोडलं, अवजड झालं. मग 'क्रिया' आणि 'बेलभंडारा' यांचा मोह झाला, तो जून महिन्यातल्या चुकीकडेच परत गेला असता. शेवटी साधं 'इमान' आणि युवराजाचं नाव, बाकी काही नाही. फुगा अर्धा रिकामा राहिला. तसाच ठेवला.

एकाच पानाला तीन तास. या तीन तासांचं मला वाईट वाटत नाही.

१० ऑगस्ट

इमान आणि निष्ठा वेगळे केल्यावर आधीची बत्तीस पानं तपासावी लागली. जपानीत बहुतेक ठिकाणी एकच शब्द आहे, 'चूसेई'. जपानी वाचक कोण कोणाला बोलतंय यावरून भेद लावतो. मराठीत तो भेद शब्दातच दिसायला हवा असं मला वाटलं. हा माझा निर्णय आहे, मूळात तो इतका उघड नाही, आणि कोणी याच्या उलट केलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही.

एकोणीस जागी बदल. कागद नवा घेतला नाही, जुन्यावर छोटे तुकडे चिकटवले. दिसायला वाईट, पण वाचता येतं.

१७ ऑगस्ट

आज तीन सेनानी एकत्र वाचले आणि तिसरा शब्द मिळाला.

खार्लान मर्झबान आहे आणि तो फितूर होतो. त्याच्याच डावामुळे अत्रोपातेनेला पार्सचं सैन्य बुडतं. माझ्या मसुद्यात त्याला 'गद्दार' म्हटलं होतं, दार्यूनच्या तोंडी ते बरोबरही आहे. पण मरताना खार्लान खऱ्या राजाबद्दल बोलतो. त्याच्या लेखी अँड्रागोरसच बळकावणारा, आणि आधीच्या राजाचा मुलगा हिल्मेस हा खरा धनी. म्हणजे खार्लान बेइमान नाही, त्याचं इमान रक्ताशी आहे. दार्यूनची शपथ माणसाशी, खार्लानची रक्ताशी, आणि दोघे एकमेकांवर भाला धरून उभे.

मग बहमन. पेशावरच्या किल्ल्यावरचा म्हातारा मर्झबान, त्याला वहरीझचं पत्र आलेलं आहे आणि तेव्हापासून तो सुन्न आहे. हिल्मेस किल्ल्यात घेरला जातो तेव्हा बहमनच ओरडतो की त्याला मारलं तर पार्सचं खरं राजरक्त संपेल. त्याच्याच समोर अर्सलान उभा आहे आणि ऐकतोय. आमच्या खोलीत या पानावर कोणी काही बोललं नाही. पुढे शेजारच्या सिंधुरा राज्यातल्या मोहिमेत हाच बहमन अर्सलानला वाचवताना पडतो. त्याला एका शब्दात बसवता येत नाही. पेशावरला त्याच्या तोंडी 'राजरक्त' दिलं आणि शेवटच्या पानावर 'इमान'. मधल्या पानांत दोन्ही शब्द येऊ दिले नाहीत.

सामचं काम सोपं वाटलं होतं, तसं झालं नाही. एकबातानाचं रक्षण करताना पाडाव झालेला हा मर्झबान हिल्मेसची हकिकत ऐकून त्याच्या बाजूला जातो. मी 'फितला' लिहिलं. वर्गातल्या मुलीने विचारलं, ज्याने शहरासाठी शेवटपर्यंत लढाई दिली तो फितला कसा? शब्द बदलला, 'रुजू झाला'. चाकरीचा शब्द आहे, त्यात दोष लावलेला नाही, आणि सामच्या चेहऱ्यावरचा थकवाही त्यात मावतो.

तर मापं तीन झाली : गादी, रक्त, माणूस. कुबाद या तिन्हींत बसत नाही. एकडोळा, कोणाची चाकरी फार काळ न सोसणारा. त्याच्यासाठी तक्त्यात रकाना केला नाही.

२४ ऑगस्ट

चौथं माप निघालं, आणि ते सगळ्यात खालच्या माणसांकडून.

काशानच्या किल्ल्याचा धनी होदिर हा शहरदारान. अर्सलानला आसरा देतो, पण त्याला दार्यून आणि नर्सूसपासून तोडून आपल्या मुठीत ठेवायचं त्याच्या मनात असतं. झटापटीत होदिर मरतो. अर्सलान किल्ल्यातल्या गुलामांना सांगतो की तुम्ही मोकळे. आणि गुलाम त्याच्याच अंगावर धावून येतात, कारण होदिर त्यांचा चांगला मालक होता आणि ह्यांनी त्याला मारलं.

इथे 'स्वामिनिष्ठा' लिहिलं होतं. वाचताना सगळ्यांना ते शाळेतल्या धड्यासारखं वाटलं. भाचीचा मित्र, जो एरवी गप्प असतो, तो म्हणाला, "आमच्याकडे म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागले." तोच शब्द. त्यात निवड नाही. खायला घातलं, म्हणून जागायचं. ज्याला कधी निवडायलाच मिळालं नाही त्याच्यासाठी याहून नेमका शब्द मला माहीत नाही. आणि 'आझाद' हा शब्द तक्त्यात ठेवल्याचा फायदा इथे झाला : अर्सलान त्यांना 'आझाद' म्हणतो आणि ते मिठाला जागतात, दोन शब्द समोरासमोर येतात.

नर्सूसला हे आधीच माहीत आहे. त्याने दैलमच्या आपल्या जहागिरीतले गुलाम कधीच मुक्त केले होते आणि पुढे काय होतं ते पाहिलं होतं. 'जहागीर' हा शब्द मी इथे वापरला, शिवशाहीचा तक्ता रद्द करूनही. तो एवढा रुळलाय की त्याने कोणतंही एक राज्य डोळ्यांपुढे येत नाही. गटात दोघांना पटलं नाही. ठेवलाय.

७ सप्टेंबर

गणपती. काम बंद. डबा कपाटात वर ठेवला.

२१ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी होऊन चार दिवस झाले. डबा उघडला, कागद कोरडे आहेत.

आता सिंधुरा. पार्सच्या पूर्वेचं राज्य, मधली नदी कावेरी. राजा करिकाल दुसरा, राजधानी उरैयूर, राजपुत्र राजेंद्र आणि गाडेवी. तीन महिने फारसी नादांशी झुंजल्यावर ही नावं आली आणि खोलीतले सगळे सरसावून बसले. करिकाल हा खरा चोळ राजा, उरैयूर ही चोळांची जुनी राजधानी आणि ती आहेही कावेरीकाठी. फक्त गोष्टीतली कावेरी उचलून पेशावरच्या पलीकडे ठेवलेली आहे. इथे अर्थाची बारीक अक्षरं लागली नाहीत. 'राजा', 'महेंद्र', 'जसवंत' सरळ.

जसवंत हा आजच्या कामाचा मुख्य माणूस. सिंधुराचा प्रधान महेंद्र याने वाढवलेला, आधी अर्सलानच्या छावणीत शत्रूचा हेर म्हणून आलेला. अर्सलान त्याचा जीव वाचवतो, एकदा नाही तर तीनदा. महेंद्राच्या मृत्यूनंतर जसवंत देश सोडून अर्सलानसोबत निघतो. त्याच्याकडे पार्सची कोणतीही पदवी नाही. गादी परक्याची, रक्त परकं, मीठ महेंद्राचं खाल्लेलं.

त्याने अर्सलानला काय म्हणायचं? 'युवराज' हे पार्सच्या लोकांनी म्हणायचं. 'आपण' लिहिलं तर दरबारी वाटतं आणि तो दरबारी नाही. दीड तास एकाच फुग्यावर बसलो. काकांनी 'धनी' सुचवलं. गावाकडे गडी मालकाला म्हणतो तो शब्द. मुलांना तो जुना वाटला, पण दोनदा मोठ्याने वाचल्यावर कोणी विरोध केला नाही. जसवंत 'धनी, तुम्ही' म्हणेल. अर्सलान त्याला उलट 'तुम्ही'च म्हणेल.

आजवरचा हिशेब : ट्रेसिंग पेपरची तीन पाकिटं १,३५० रुपये, पेनं सात ८४० रुपये, चिकटपट्टी ६०, डबा घरचा. पूर्ण झालेली पानं १८६, निवडक प्रसंगांची ५३, रद्द झालेली ६४. तास मोजले तेवढे १४०, प्रत्यक्षात जास्त.

पुढच्या शनिवारी जसवंतची पानं वाचायची. 'धनी' पक्क्या शाईने अजून लिहिलेलं नाही, पेन्सिलीत आहे.